एक मोठ्ठं पान, एक इवलंसं पान आणि वारा

गेल्या महिन्यात माझ्या भाचीच्या बाळाचं बारसं होतं. नाव ठेवून झालं, पाळणे म्हणून झाले, घुगऱ्या वाटून झाल्या. मोठी माणसं जेवायला बसली आणि पाळण्याशी आम्ही तिघंच उरलो : बाळ, बाळाची सहा वर्षांची ताई आणि मी.

बाळ टक्क जागं होतं आणि एकटक वर बघत होतं. वर चिमणाळं टांगलेलं होतं. काड्यांना दोऱ्यांनी बांधलेल्या कापडाच्या रंगीत चिमण्या. पंख्याचा वारा लागला की त्या हळूच एकीकडे फिरायच्या, थांबायच्या आणि मग उलट्या फिरायच्या.

एक काडी मात्र कलंडली होती. तिच्या एका टोकाची चिमणी तुटून पडली होती, त्यामुळे दुसऱ्या टोकाची चिमणी थेट खाली लोंबत होती. घरात जादा चिमणी नव्हती. शिवणाच्या डब्यात एक लाल मणी सापडला. चिमणीपेक्षा कितीतरी हलका. तो मी रिकाम्या टोकाला बांधला, तरी काडी कललेलीच. मग काडीचा मधला दोरा थोडा थोडा सरकवत चिमणीच्या जवळ नेला. नेता नेता एका जागी काडी अलगद उठली आणि सरळ आडवी झाली.

ताईनं हे सगळं नीट पाहिलं होतं. ती म्हणाली, “चिमणी जड आहे. मणी हलका आहे. मग काडी सरळ कशी राहिली?”

दोस्तांनो, याच प्रश्नाशी एक माणूस आयुष्यभर खेळला. खेळता खेळता त्यानं अशी शिल्पं बनवली जी छताला टांगतात, जी वाऱ्यानं हलतात आणि जी सकाळी दिसतात तशी दुपारी दिसत नाहीत. त्याचं नाव अलेक्झांडर कॉल्डर. घरचे त्याला सँडी म्हणत.

पक्कड घेऊन फिरणारा मुलगा

सँडीचा जन्म १८९८ सालचा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला. त्याचे आजोबा शिल्पकार, वडील शिल्पकार आणि आई चित्रकार. फिलाडेल्फिया शहराच्या सिटी हॉलच्या मनोऱ्यावर विल्यम पेन यांचा प्रचंड पुतळा उभा आहे. सुमारे ११ मीटर उंच, म्हणजे तीन मजल्यांएवढा. तो सँडीच्या आजोबांनी घडवलेला.

वडिलांच्या कामासाठी घर सारखं बदलायचं. पण प्रत्येक नव्या घरात सँडीला एक कोपरा मिळायचा, बरेचदा तळघरात. तिथे त्याची हत्यारं असायची. रस्त्यावर तांब्याच्या तारेचे तुकडे मिळाले की तो ते उचलून आणायचा आणि बहिणीच्या बाहुल्यांसाठी दागिने करायचा.

१९०९च्या नाताळात अकरा वर्षांच्या सँडीनं आईवडिलांना दोन भेटी दिल्या : एक कुत्रा आणि एक बदक. दोन्ही पितळेच्या पत्र्याची, पत्रा कापून आणि वाकवून केलेली. त्यातल्या बदकाचं पोट खालून गोल होतं. त्याला बोटानं टोचलं की ते डुलायचं! आजोबांचा पुतळा उंच मनोऱ्यावर निश्चल उभा आणि नातवाचं बदक टेबलावर डुलतंय. हे बदक लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट त्या डुलण्यातच आहे.

एवढं असूनही सँडी कला शिकायला गेला नाही. तो झाला मेकॅनिकल इंजिनिअर! न्यू जर्सीमधल्या स्टीव्हन्स इन्स्टिट्यूटमधून १९१९ साली त्यानं पदवी घेतली. यंत्रं कशी चालतात, वजन कुठे पडतं, काय कशावर तोललं जातं, हे सगळं तो रीतसर शिकला.

मग त्यानं नाना नोकऱ्या केल्या. १९२२ साली तो एका प्रवासी जहाजावर बॉयलरच्या खोलीत कामाला होता. खाली उकाडा, म्हणून झोपायला डेकवर यायचा. जहाज ग्वाटेमालाच्या किनाऱ्याजवळ असताना एका पहाटे त्याला जाग आली. समुद्र शांत होता. एका बाजूला क्षितिजावर लालभडक सूर्य वर येत होता आणि त्याच वेळी समोरच्या बाजूला चांदीच्या नाण्यासारखा चंद्र होता.

हे असं दिसतं पौर्णिमेच्या आसपास. तेव्हा सूर्य आणि चंद्र आकाशात समोरासमोर असतात आणि मध्ये आपण. एका बाजूला तप्त लाल गोळा, दुसऱ्या बाजूला शांत पांढरी चकती. दोन्ही किती वेगळे, तरी आकाश कलंडत नाही! कॉल्डर ही पहाट कधीच विसरला नाही. पुढे त्याच्या कितीतरी कामांत गोल चकत्या आल्या, लाल, काळ्या आणि पांढऱ्या.

सुटकेसमधली सर्कस

शेवटी १९२३ साली तो न्यूयॉर्कला चित्रकला शिकायला लागला. एका नियतकालिकासाठी रेखाटनं करायचं कामही त्याला मिळालं. त्या कामासाठी १९२५ मध्ये तो दोन आठवडे सर्कशीत जाऊन बसला. झोपाळ्यावरून उडणारी माणसं, तारेवर चालणारी मुलगी, तंबूला आधार देणारे ताणलेले दोर. सर्कस म्हणजे तरी काय हो? तोल, तोल आणि तोल!

पुढच्या वर्षी तो पॅरिसला गेला आणि तिथे त्यानं स्वतःची सर्कस बनवली. वितभर उंचीची! कशाची बनवली असेल? तार, बुचं, बटणं, चिंध्या, लोकर, दोरा, चामडं, लाकडाचे ढलपे, रबरी नळी. आपण ज्याला ‘जपून ठेव, कधीतरी उपयोगी पडेल’ म्हणतो, ते सगळं. त्यात सिंह होता, विदूषक होता, कसरतपटू होते. पाहुणे गोळा झाले की कॉल्डर जमिनीवर बसायचा आणि तारा ओढून, कळ फिरवून, फुंकर मारून एकेक खेळ करून दाखवायचा. कुणीतरी ग्रामोफोन लावायचं. झोपाळ्यावरची इवलीशी बाई कधी पलीकडचा झोपाळा पकडायची, कधी तिचा नेम चुकायचा. म्हणून तर बघणारे श्वास रोखून बसायचे. ही सर्कस वाढत वाढत पाच सुटकेसांत भरावी लागली. आज ती न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात आहे.

त्याच काळात त्याला एक भन्नाट गोष्ट सुचली. कागदावर आपण पेन्सिलीनं रेघ काढतो. ती रेघ कागदावरून उचलता आली तर? त्यानं तार घेतली, पक्कड घेतली आणि हवेतच चित्रं काढायला लागला! तारेची माकडं, तारेची माणसं, नर्तकी जोसेफीन बेकर. ही शिल्पं पोकळ असतात. त्यांच्या आरपार दिसतं आणि भिंतीवर त्यांची सावली पडते. दिवा हलवला की सावलीही हलते.

चौकोन हलले तर?

आता आलं १९३० साल. पॅरिसमध्येच पीएत मोंद्रियान नावाचे मोठे चित्रकार राहायचे. ते फक्त सरळ काळ्या रेघा आणि लाल, निळे, पिवळे चौकोन रंगवत. झाड नाही, घर नाही, माणूस नाही. अशा कलेला अमूर्त कला म्हणतात.

अमूर्त म्हटलं की काही जण घाबरतात. ‘हे कशाचं चित्र आहे?’ असं विचारतात. मी तुम्हाला उलट विचारते, सतार वाजते तेव्हा त्यात शब्द असतात का? सूर ‘कशाचे’ असतात? तरी ते ऐकून आनंद होतोच ना! दारातली ठिपक्यांची रांगोळीसुद्धा नेहमी कशाचं तरी चित्र नसते. रेघा एकमेकींत गुंततात, सुटतात आणि आपण थबकून बघत राहतो. अमूर्त कला म्हणजे रंग, आकार आणि रेघा यांचं असंच बिनशब्दांचं गाणं.

कॉल्डर मोंद्रियानच्या घरी गेला. पांढऱ्या भिंतींवर रंगीत पुठ्ठ्यांचे चौकोन टाचलेले होते. खिडकीतून उजेड येत होता. ते बघून कॉल्डर हरखून गेला आणि म्हणाला की हे चौकोन वेगवेगळ्या लयीत हलवले तर किती मजा येईल! मोंद्रियान गंभीरपणे म्हणाले की त्याची गरज नाही, माझी चित्रं तशीही फार वेगवान आहेत.

कॉल्डर घरी आला, पण चौकोन काही त्याच्या डोक्यातून जाईनात. त्यानं आधी थोडे दिवस अमूर्त चित्रं काढून पाहिली. मग लक्षात आलं, आपला हात तारेवर बसलाय. १९३१ मध्ये त्यानं तारा, गोळे आणि चकत्या यांची हलणारी शिल्पं केली. काही हातानं कळ फिरवून हलत, काही छोट्या मोटरवर. मार्सेल द्युशाँ या कलावंतानं ती पाहिली. यांना काय म्हणायचं, असं कॉल्डरनं विचारलं. द्युशाँ म्हणाला, “मोबील!” फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ हलणारं, आणि दुसरा अर्थ हेतू. इंग्रजी उच्चारात तो शब्द झाला मोबाईल. हो, तोच शब्द! खिशातल्या फोनला मोबाईल म्हणायच्या कितीतरी आधी जगात असे मोबाईल टांगले जात होते.

मोटरवरच्या मोबाईलची गंमत मात्र कॉल्डरला पुरेना. मोटर ठरलेलीच चाल करते. पहिल्या फेरीत जे दिसतं तेच दहाव्या फेरीत. त्याच्या ‘अ युनिव्हर्स’ नावाच्या १९३४च्या कामाला अशी मोटर आहे. सांगतात की आल्बर्ट आइन्स्टाइन त्यासमोर चाळीस मिनिटं उभे राहिले, त्याची सगळी चाल एकदा पूर्ण होईपर्यंत. पण कॉल्डरला अशी चाल हवी होती जी आधी कुणालाच ठाऊक नसेल, त्याला स्वतःलाही नाही. म्हणून बऱ्याच मोबाईलना त्यानं मोटर लावलीच नाही आणि हलवण्याचं काम वाऱ्याकडे सोपवलं.

चिमणी आणि मणी

आता ताईच्या प्रश्नाकडे वळू या. वारा लागण्याआधी मोबाईल तोललेला तर हवा! तो कसा तोलायचा?

बागेतला सी-सॉ आठवा. एका टोकाला बाबा आणि दुसऱ्या टोकाला तुम्ही. बाबा खाली, तुम्ही वर लटकलेले. मग बाबा काय करतात? पुढे सरकून मधल्या टेकूजवळ येऊन बसतात. आणि तुम्ही खाली येता! बाबांचं वजन तेवढंच आहे, तुमचंही तेवढंच आहे. बदललं काय? टेकूपासूनचं अंतर.

हाच तरफेचा नियम. वजन गुणिले अंतर, हा गुणाकार दोन्ही बाजूंना सारखा आला की तोल साधला. समजा तीस सेंटिमीटरची काडी आहे. एका टोकाला २० ग्रॅमची चिमणी आहे आणि दुसऱ्या टोकाला १० ग्रॅमचा मणी. दोरा कुठे बांधाल? चिमणीपासून १० सेंटिमीटरवर. मग मण्यापासूनचं अंतर होईल २० सेंटिमीटर. २० गुणिले १० म्हणजे २००. १० गुणिले २० म्हणजे पुन्हा २००. झाली काडी सरळ!

म्हणजे लहान मणी मोठ्या चिमणीला सहज तोलून धरतो. त्याला जाडजूड व्हावं लागत नाही, फक्त लांब जाऊन बसावं लागतं.

कॉल्डरच्या मोबाईलमध्ये अशी काडी एकच नसते. एका काडीच्या टोकाला दुसरी काडी लोंबते, तिच्या टोकाला तिसरी, तिच्या टोकाला चौथी. मग याचं गणित सुरू कुठून करायचं? कॉल्डर सुरुवात करायचा सगळ्यात खालच्या, सगळ्यात लहान भागापासून. खालची दोन पानं एका तारेवर तोलली की ती जोडी आता एकच वजन झाली. त्या जोडीसमोर नवं पान लावायचं आणि दोन्ही मिळून वरच्या तारेवर तोलायचं. असं करत करत वर चढायचं. घर बांधताना आपण पाया आधी घालतो. मोबाईललाही खालून बांधतात, पण त्याचा आधार मात्र वर, छताला!

अजून एक बारीक गोष्ट. कॉल्डरच्या बऱ्याच तारा धनुष्यासारख्या वाकवलेल्या असतात. मधला भाग वर, दोन्ही टोकं खाली. ते दिसतं सुंदर, पण त्याचं कामही मोठं आहे. टांगण्याची जागा वर आणि सगळं वजन तिच्या खाली असलं की धक्का लागून कललेली तार आपोआप परत येते. ज्या एका बिंदूत सगळं वजन एकवटलंय असं मानता येतं, त्याला गुरुत्वमध्य म्हणतात. टांगलेल्या वस्तूचा गुरुत्वमध्य टांगणीच्या खाली राहिला की ती उलटत नाही. पितळेच्या बदकाची गंमत थोडी वेगळी, ते टेबलावर टेकलेलं. पण तिथेही गोल पोटामुळे वजन त्याला पुन्हा सरळ करायचं. अकरा वर्षांच्या मुलाच्या बोटांना जे कळलं होतं, त्याचं नाव पुढे त्याला कॉलेजात कळलं!

वारा काय करतो?

वाऱ्यानं दगड हलत नाही, पतंग मात्र उडतो. का बरं? पतंग पसरट आणि हलका असतो. वाऱ्याला ढकलायला जागा मोठी मिळते आणि ढकलायचं वजन असतं थोडंसं. कॉल्डरची पानंही तशीच, पातळ पत्र्याची आणि रुंद. शिवाय जोडाच्या जागी तारेचं एक कडं दुसऱ्या कड्यात नुसतं अडकवलेलं असतं. तिथे घर्षण अगदी कमी. म्हणून बंद खोलीत कुणी शेजारून चालत गेलं, तरी तेवढ्या झुळकीनं मोबाईल जागा होतो.

आणि मग खरी जादू होते. वरची तार फिरते तेव्हा खालच्या सगळ्यांना घेऊन फिरते. पण खालची तार स्वतःपुरती उलटीही फिरू शकते. तिसरी थांबलेली असते, चौथी नुसती डुलत असते. प्रत्येकीचा वेग वेगळा, प्रत्येकीचा धक्का शेजारणीला पोचतो. त्यामुळे पुढच्या क्षणी नेमकं काय दिसेल, हे सांगणं फार अवघड होऊन बसतं. पिंपळाची पानं बघा ना. झाड एक, वारा एक, पण प्रत्येक पानाची सळसळ निराळी. कॉल्डरचे मोबाईल झाडाचं चित्र नसतात, तरी त्यांच्याकडे बघताना झाडाखाली बसल्यासारखं वाटतं ते यामुळेच.

हाताला येईल ते

कॉल्डर कधी एकाच वस्तूला चिकटून बसला नाही. १९३२-३३ मध्ये केलेल्या एका कामात एक जड गोळा आणि एक लहान गोळा टांगलेला आहे, आणि खाली जमिनीवर बाटल्या, पत्र्याचा डबा, लाकडी खोकं आणि टोला देऊन वाजवायचा तास ठेवलाय. जड गोळा झुलवला की लहान गोळा भटकत भटकत कधी बाटलीवर आपटतो, कधी तासावर. टण्! आणि कधी कशालाच न लागता निघून जातो. म्हणजे शिल्प नुसतं दिसत नाही, ऐकूही येतं. अशा वेगवेगळ्या वस्तू मिळून केलेल्या कामाला मिश्र माध्यमातलं काम म्हणतात.

१९३७ साली पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात त्यानं चक्क पाऱ्याचं कारंजं केलं! पाण्याच्या जागी चकाकणारा पारा घरंगळत होता. ते आज बार्सिलोनात आहे, पण काचेच्या आड, कारण पाऱ्याची वाफ विषारी असते. पाऱ्याशी आपण कधीच खेळायचं नाही हं.

मग दुसरं महायुद्ध आलं. सगळा धातू विमानांना आणि जहाजांना लागू लागला, पत्रा मिळेना. कॉल्डर थांबला का? छे! त्यानं लाकडाचे छोटे तुकडे कोरले, काही रंगवले, काही तसेच ठेवले आणि ताठ तारांनी एकमेकांना जोडले. त्यांचं नाव पडलं ‘कॉन्स्टलेशन्स’, म्हणजे तारकासमूह. मृगातल्या ताऱ्यांना आपण मनातल्या मनात रेघांनी जोडतो ना, तसंच.

युद्ध संपल्यावर पॅरिसमध्ये प्रदर्शन करायचं ठरलं. शिल्पं पाठवायची कशी? पोस्टानं! पण पार्सल केवढं असावं याचे नियम होते. तेव्हा कॉल्डरनं सुटी करता येणारी शिल्पं बनवली. पानं काढा, तारा काढा, खोक्यात भरा, तिकडे गेल्यावर पुन्हा जोडा. सर्कस सुटकेसमध्ये भरणाऱ्याला हे काय अवघड?

आणि एकदा तो आपल्याकडेही आला होता! विक्रम साराभाई तुम्हाला माहीत असतील, भारताच्या अवकाश संशोधनाचा पाया घालणारे. त्यांच्या बहिणीनं, गिरा साराभाईंनी, कॉल्डरला पत्र पाठवून बोलावलं : तुम्ही भारत बघायला या आणि बदल्यात आमच्यासाठी काही शिल्पं करा. १९५५च्या जानेवारीत कॉल्डर पत्नी लुइझासह आला आणि अहमदाबादला साराभाईंच्या घरी त्यानं कामाला सुरुवात केली. तिथे घडलेल्या एका मोबाईलचं नाव त्यानं ठेवलं ‘फ्रांजी पानी’. फ्रँजिपानी म्हणजे आपला चाफा!

त्याच्या थोडं आधी, १९५३ साली, व्हेनेझुएलातल्या काराकास शहरात विद्यापीठाचं एक भव्य सभागृह तयार झालं होतं. गोलाकार छतामुळे तिथे आवाज घुमणार होता. मग ध्वनितज्ज्ञांनी आणि कॉल्डरनं मिळून छताखाली आणि भिंतींजवळ ३१ मोठाले रंगीत ‘ढग’ टांगले. हे ढग हलत नाहीत, पण आवाज नीट पसरवतात, जेणेकरून मागच्या खुर्चीवरही तो स्पष्ट पोचतो. बघायला शिल्प, वापरायला यंत्र! इंजिनिअर आणि कलावंत एकाच माणसात राहत असले की असं होतं.

ढळणार नाहीत, पण तुम्ही हला!

कॉल्डरची सगळीच शिल्पं हलत नाहीत. काही जमिनीवर घट्ट उभी असतात. जाँ आर्प या शिल्पकारानं त्यांना नाव दिलं ‘स्टॅबील’, म्हणजे स्थिर.

ही शिल्पं तो आधी छोट्या पत्र्यातून कापून करायचा. मग लोखंडी कामाच्या कारखान्यात तोच आकार पोलादात मोठा केला जाई. पण नुसता मोठा करून भागत नाही. एक कागद उभा धरा, तो वाकतो. त्यालाच मधोमध घडी घालून उभा करा, ताठ राहतो. पोलादाचा पत्राही मोठा झाला की वाकू बघतो. म्हणून त्याला पाठीमागून आडव्या-उभ्या पट्ट्या आणि नट-बोल्ट लावतात. कॉल्डर ते लपवत नसे, बाहेरून स्वच्छ दिसू देई.

शिकागो शहरात काळ्या, सरळसोट, चौकोनी इमारतींच्या मधोमध त्याचा ‘फ्लेमिंगो’ उभा आहे. १६ मीटर उंच, सुमारे ४५ टन वजनाचा, लालभडक. लाल हा कॉल्डरचा फार आवडता रंग. ‘फ्लेमिंगो’च्या कमानींखालून लोक ऑफिसला जातात, मुलं पळापळी खेळतात. शिल्प हलत नाही, पण तुम्ही त्याच्याभोवती चाललात की कमानी रुंदावतात, एकमेकींआड लपतात, पुन्हा उघडतात. १९७४ साली ते उभं राहिलं तेव्हा शहरात सर्कशीसारखी वाजतगाजत मिरवणूक निघाली आणि तीत कॉल्डर बसला होता. सुटकेसमधली सर्कस आता रस्त्यावर आली होती!

कॉल्डरचं शेवटचं मोठं काम मात्र पुन्हा मोबाईलच होतं. वॉशिंग्टनच्या नॅशनल गॅलरीच्या नव्या इमारतीसाठी केलेला हा मोबाईल सुमारे २३ मीटर लांब. एवढा मोठा पोलादाचा केला तर वाऱ्यानं कसा हलणार? त्याला मोटर लावावी लागली असती. तेव्हा पॉल मातिस या कलावंतानं युक्ती काढली. पानं पत्र्याची न करता आतून मधमाशीच्या पोळ्यासारखी पोकळ अशी ॲल्युमिनियमची केली, आणि दांडे पोकळ नळ्यांचे. वजन उतरलं जेमतेम ४१७ किलोवर. आता इमारतीतल्या हवेच्या झुळकीनंही तो फिरतो. १९७७ साली तो टांगला गेला, पण कॉल्डरला ते बघता आलं नाही. १९७६च्या नोव्हेंबरमध्ये तो वारला होता. त्याच्या नंतरही त्याचं काम हलतंय, आणि रोज वेगळं हलतंय.

चला, आपणही करू या!

लागणारं सामान : खराट्याचे तीन हीर, प्रत्येकी २४ सेंटिमीटरचे. शिवणाचा दोरा. जुन्या वहीचा पुठ्ठा. रंग आणि कातर.

पुठ्ठ्याची चार पानं कापा. आकार हवा तसा, पण पुठ्ठा प्रत्येकी सारखाच, म्हणजे वजन सारखं राहील. रंगवा आणि वाळू द्या. आता कॉल्डरसारखं खालून सुरू करा.

पहिला हीर : दोन्ही टोकांना एकेक पान. वजनं सारखी, म्हणून दोरा मधोमध, १२ सेंटिमीटरवर.

दुसरा हीर : एका टोकाला ती पहिली जोडी, दुसऱ्या टोकाला तिसरं पान. दोनास एक! म्हणून दोरा जोडीपासून ८ सेंटिमीटरवर, म्हणजे पानापासून १६ वर.

तिसरा हीर : एका टोकाला ती सगळी तीन पानं, दुसऱ्या टोकाला चौथं एकटं पान. दोरा तीन पानांकडून ६ सेंटिमीटरवर, एकट्या पानापासून १८ वर.

आता टांगा. काय झालं? थोडं कललं ना? गणित चुकलं नाही, आपण हिराचं स्वतःचं वजन धरलंच नव्हतं! दोऱ्याच्या ज्या बाजूला हीर लांब आहे, तिकडे त्याचं वजनही जास्त पडतं. म्हणून दोऱ्याची गाठ जराशी त्या लांब बाजूकडे सरकवा. शिवाय हीर एका टोकाला जाड असतो, दुसऱ्याला बारीक. तेही सांभाळा. हिशेबानं जवळ जायचं आणि शेवटचं अर्धं बोट हातानं शोधायचं. जमलं की गाठीवर डिंकाचा थेंब लावा. टोकं थोडी खाली झुकली तर झुकू द्या. का, ते तुम्हाला आता माहीत आहे.

बारशाच्या दुसऱ्या दिवशी ताईनं आणि मी हेच केलं. तिनं तीन पानं हिरवी रंगवली आणि चौथं लाल. ते टांगलं बाळाच्या पाळण्यावर, हात पोचणार नाही एवढं उंच. ताई पंखा लावायला उठली, पण मी म्हटलं, थांब, नुसतं बघ. आम्ही खाली बसलो. बराच वेळ काहीच झालं नाही. मग आतल्या खोलीचं दार कुणीतरी उघडलं आणि सगळ्यात आधी ते एकटं लाल पान हललं. पाठोपाठ पलीकडची तीनही पानं फिरू लागली, दोन एका बाजूला आणि एक उलट्या बाजूला.

“एकटं आहे, तरी तिघांना उचललंय,” ताई म्हणाली.

बाळ काहीच म्हणालं नाही. ते फक्त बघत होतं, डोळे मोठ्ठे करून.